नामदार गोखले बोलायला कसे शिकले

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाविद्यालयीन गटाची वक्तृत्व स्पर्धा असते, तेव्हा वेळेची घंटा बहुधा माझ्याकडे येते. मुले अर्धा तास आधी येतात, मागच्या खुर्च्यांवर बसून भिंतीकडे तोंड करतात आणि पुटपुटू लागतात. एखादे वाक्य अडले की पुन्हा पहिल्यापासून. निकाल लागल्यावर कुणीतरी हमखास म्हणते की अमक्याला बोलण्याची देणगीच आहे, बाकीच्यांनी उगाच घोकले. हे ऐकले की मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारखा मैदान दणाणून सोडणारा आवाज त्यांच्याकडे नव्हता. त्यांनीही घोकलेच होते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोटलुक गावचा. पण घर चालले ते कागलच्या नोकरीवर. आपण कोल्हापूरला जाताना निपाणी मागे पडली की लागते तेच हे कागल. वडील तिथे संस्थानच्या नोकरीत होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांवर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला धाकट्याकडे धाडू लागले. उरलेल्या सातात घर! पुढे कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने देऊ केले. हा मुलगा एवढे जिवावर उदार होऊन पाठांतर का करत होता, ते या हिशेबावरून कळते.

राजाराम हायस्कूल, मग राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन असे शिकत ते १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी बी.ए. झाले. त्या काळच्या कॉलेजात इंग्रजी बोलायला शिकायचे म्हणजे इंग्रजी पाठ करायचे. गोखल्यांनी हा प्रकार टोकाला नेला. पानेच्या पाने मुखोद्गत करायची, पुस्तक मित्राच्या हाती द्यायचे आणि आपण धडाधड म्हणत सुटायचे. बर्कचे फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक त्यांना जवळजवळ तोंडपाठ होते. याला कुणी पोपटपंची म्हणेल आणि तेवढ्यावर थांबले असते तर ती पोपटपंचीच ठरली असती. पण परक्या भाषेतले वाक्य कुठे सुरू होते, कुठे वळते आणि कुठे टेकते, याची सवय जिभेला लागली ती याच वर्षांत.

१८८५ च्या जानेवारीत ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी, गणित, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र, ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय त्यांच्या गळ्यात पडे. रोज तासभर मुलांसमोर उभे राहून बोलायचे, ही त्यांची दुसरी शाळा. १८८६ मध्ये कोल्हापुरात त्यांनी ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान या विषयावर इंग्रजीत व्याख्यान दिले. अध्यक्ष होते ली वॉर्नर, तिथले ब्रिटिश अधिकारी. त्यांनी वक्त्याच्या भाषेचे कौतुक केले. वक्ता तेव्हा विशीत होता.

भाषा आली, पण बोलायचे काय? ते शिकवले न्यायमूर्ती रानड्यांनी. १८८७ पासून गोखले सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले तक्ते ताडून पाहायचे, अर्ज लिहायचे, रानड्यांना दाखवायचे आणि पुन्हा लिहायचे. अर्जाला सरकारचे दोन ओळींचे उत्तर आले की तरुण गोखले खट्टू होत. रानडे समजावत की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे ते लोकांसाठी असतात.

दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी. यांचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही. सोलापूर वगैरे ठिकाणी सरकारी हायस्कुलात हेडमास्तर असलेला हा माणूस सरकारी जमाखर्चाचा असा अभ्यास करी की खुद्द सरकारी कचेरीत कुणी केला नसेल. पण नोकरी सरकारची, त्यामुळे लेख निनावी. गोखल्यांनी पत्राने आकडे मागावेत, जोशींनी ते पुरवावेत, असे वर्षानुवर्षे चालले. मी स्वतः सरकारी नोकर असल्याने या जोशींपाशी मी दरवेळी थबकतो.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले. वाटेत कॅले इथे छातीला मार बसला. तशा प्रकृतीत त्यांनी उलटतपासणीला तोंड दिले आणि ते कुठे अडखळले नाहीत, कारण रानडे आणि जोशी या दोघांनी तयारी करून घेतली होती. त्याच मुक्कामात पुण्याहून मित्रांची पत्रे आली. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोल्जरांनी घरात शिरून अत्याचार केले, दोन स्त्रियांची अब्रू घेतली, असे त्यांत होते. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला सांगितले. गदारोळ उठला, सरकारने पुरावा मागितला. इकडे रँडचा खून झालेला, पुण्यात धरपकड चाललेली. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कुणी पुढे येईना आणि त्यांची नावे सांगणे गोखल्यांना शक्य नव्हते. मुंबईला उतरल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

पुण्यात त्यांची छी-थू झाली, भेकड ठरले. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना गप्प राहावे लागले. ही माफी चूक की बरोबर, यावर आपल्याकडे अजून वाद घालता येईल. अत्याचार झालेच नाहीत असे मला वाटत नाही. पण ज्या माणसाने दहा वर्षे एकेक आकडा ताडून बोलायची सवय केली, तो त्या एका वेळी ताडून न पाहता बोलला आणि ते त्याला आयुष्यभर सलले, एवढे दिसते.

पुढची पाच वर्षे त्यांनी मान खाली घालून काम केले. आधी प्लेगच्या मदतकार्यात, मग मुंबईच्या कायदेमंडळात आणि अखेर व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात ते अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. समोर अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, जे ऑक्सफर्डला असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध वादसभेचे, ऑक्सफर्ड युनियनचे, अध्यक्ष होते. बोलण्याच्या तालमीत तयार झालेला गडी! सभागृहात शिल्लक अंदाजपत्रकाबद्दल अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी सांगितले की आपण त्यात सामील होऊ शकत नाही. रुपयाचा भाव घसरत तेरा पेन्सांवर गेला म्हणून सरकारने मिठावरचे आणि इतर कर चढवले होते. आता रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, तरी कर तेवढेच. दुष्काळ आणि प्लेगने माणसे मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते ती भरभराटीमुळे नव्हे, तर जास्तीचा कर घेतल्यामुळे. आवाज चढला नाही, हातवारे नाहीत. एकामागून एक आकडे, तेही न अडखळता. पाठांतराची ती जुनी सवय इथे उपयोगी पडली. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, पण दरवर्षी मार्चमध्ये गोखले काय बोलतात याची सरकार वाट पाहू लागले, हे खरे.

१९०५ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले, तेव्हा केंब्रिजच्या वादसभेत हिंदुस्थानच्या कारभाराविषयीच्या ठरावावर त्यांचे भाषण झाले आणि इंग्रज विद्यार्थ्यांनी ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. कोल्हापुरात बर्क पाठ करणाऱ्या मुलाला ते ऐकत होते.

मात्र सभागृहात मते मिळवणे हे भाषणाच्या हाती नसते. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी जे करून दाखवले होते, त्याचा दाखला हाताशी होता. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पडणार हे त्यांना आधीच माहीत होते, तरी ते पूर्ण तयारीनिशी बोलले.

प्रकृती खालावत गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले, वय अठ्ठेचाळीस. जन्मभराचे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले, स्मशानात आले आणि जमलेल्या लोकांसमोर गोखल्यांविषयी बोलले.