लोकमान्यांचं पथ्य

सुरुवातीलाच कबूल करते की माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन संपादकांनी तपासलंय, तरी उरलेल्या चुका माझ्या. लोकमान्य टिळकांबद्दल मला या वर्षापर्यंत एवढंच माहीत होतं: शेंगा, टरफलं, पगडी, गणपती आणि १ ऑगस्टची भाषण स्पर्धा. त्या स्पर्धेत पाचवीला मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. भाषण आईनं लिहून दिलेलं. त्यात टिळक सिंह होते आणि सिंहाला आजारबिजार काही होत नसतात.

टिळकांना मधुमेह होता हे मला शिरोली एमआयडीसीत कळलं. इनप्लांट ट्रेनिंगसाठी आम्हा चौघांना एका फाउंड्रीत पाठवलं होतं. सकाळची शिफ्ट, त्यात शिरोली फाट्यावर ट्रॅफिक. उशीर नको म्हणून मी इन्शुलिन घेतलं आणि नाश्ता न करताच निघाले. चूक सर्वस्वी माझीच. साडेनऊच्या सुमारास मोल्डिंगच्या लाइनशेजारी उभी असताना हातपाय थरथरायला लागले, डोळ्यापुढं सगळं पांढरं. बरोबरच्या पोरांना वाटलं फर्नेसच्या उष्णतेनं चक्कर आली. पण तिथले एक वयस्कर मोल्डर मामा होते, त्यांनी एक नजर टाकली आणि खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आले. मग मामांनी हळूच विचारलं, सुई घेतेस का म्हणून. त्यांना स्वतःला बरीच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डब्यात ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि खिशात गूळ. कोल्हापूरचा माणूस आणि गूळ फक्त औषधापुरता! जाता जाता ते म्हणाले, लाजायचं काय त्यात, टिळकांनाही होती.

मला वाटलं, मामा समजूत घालतायत. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. लायब्ररीत न. चिं. केळकरांनी लिहिलेलं चरित्र आहे, तीन जाडजूड खंड. सगळं वाचलं म्हटलं तर खोटं होईल, पण जिथं जिथं प्रकृतीचा विषय येतो तिथं तिथं वाचत गेले. मग आणखी दोन-तीन पुस्तकं चाळली. त्यातून जो माणूस दिसला तो माझ्या पाचवीच्या भाषणात नव्हता.

गोष्ट हॉस्टेलपासूनच सुरू करू. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म, मग पुणे, आणि पुढं डेक्कन कॉलेज. तेव्हा टिळक किरकोळ अंगाचे होते. म्हणून पठ्ठ्यानं पहिलं वर्ष चक्क शरीर कमवण्यात घालवलं. तालीम, जोर-बैठका, पोहणं आणि त्यावर भरपूर खाणं. अभ्यास बाजूला, वर्ष वाया! (हे वाक्य कृपया कुणी घरी दाखवू नये.) आणि ज्या मुलांच्या खोलीत औषधाच्या बाटल्या असत त्यांची टिळक भरपूर चेष्टा करत, बाटल्या उचलून फेकूनही देत, अशी आठवण सांगतात. हे वाचून मला आधी राग आला. माझी इन्शुलिनची पेन कुणी अशी खिडकीतून फेकली तर? मग वाटलं, सोळा-सतरा वर्षांच्या धडधाकट मुलाला काय ठाऊक, पुढं आपल्याच ताटावर डॉक्टरचा पहारा बसणार आहे!

त्या कमावलेल्या शरीराची पहिली परीक्षा झाली ती आपल्या कोल्हापूरमुळे. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा सुरू झाले आणि लगेच कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर मजकूर छापून आला. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. दोघंही पंचविशी-सव्विशीचे. तिथल्या अन्नावर वजन घटलं, पण बाहेर आल्यावर भरून निघालं. १८९७ ला राजद्रोहाची शिक्षा झाली, त्या वेळचा तुरुंग मात्र शरीराला चांगलाच लागला. सुटका १८९८ च्या सप्टेंबरात. तेव्हाही सिंहगडावरची हवा वगैरे घेऊन टिळक पुन्हा उभे राहिले.

तिसऱ्या वेळी तसं होणार नव्हतं. जून १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांवरून अटक, २२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. दुसऱ्या दिवशी बावन्नावा वाढदिवस. मधुमेह तोवर मागं लागलेला होता. आधी साबरमती, आणि सप्टेंबरमध्ये ब्रह्मदेशात मंडाले. शिक्षा सक्तमजुरीची न राहता साधी झाली, पण मंडालेची हवा काही साधी झाली नाही. लाकडी गजांची खोली, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गार वारा आरपार.

आता इथं थोडं थांबते, कारण मला सगळ्यात जास्त विचार याच ठिकाणी पडला. १९०८ साली मधुमेहावर औषधच नव्हतं. इन्शुलिन नव्हतं, मामांच्या गोळ्या नव्हत्या, बोटाला टोचून पाच सेकंदांत आकडा दाखवणारं मशीन नव्हतं. अकरावी-बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला फेलिंगचं निळं द्रावण तापवून विटकरी करायचो, आठवतंय? तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात साधारण तसलीच लघवीची तपासणी होती. साखर उतरतेय एवढं कळायचं, पण रक्तात या क्षणी किती आहे ते नाही. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर बिघडलेला आणि हातात व्हॉल्व्ह एकच, तो म्हणजे ताट. त्या काळात युरोप-अमेरिकेतले मोठे डॉक्टरही हेच करत होते. कुणी ओट्सवर ठेवायचं, कुणी जवळजवळ उपाशी.

मंडालेत टिळकांचं भात आणि गहू बंद झालं. सातूच्या पिठाचे पदार्थ, दूध, तूप, भाजी. आपण सातू म्हणतो तेच ते जव, बार्ली. जन्म रत्नागिरीचा, अन्नाची चव भातापासूनच सुरू होणार, आणि समोर वर्षानुवर्षं सातू. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा सातारकडचा एक कैदी दिलेला होता. त्यानं सुटून आल्यावर आठवणी लिहिल्या म्हणून हे तपशील आपल्याला कळतात. विचार करा, ज्याच्यासाठी मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, त्या माणसाचा दिवस एका कैद्यानं भाजलेल्या पोळीवर तोलून धरलेला.

हॉस्टेलच्या वाचकांना पथ्य म्हणजे काय ते सांगायला हवं. पथ्य अवघड नसतं, कंटाळवाणं असतं. एक दिवस कुणीही पाळेल. रविवारची फीस्ट असते, सगळ्यांच्या ताटात गुलाबजाम असतात आणि तुम्ही काकडी चावत उपवास असल्याची थाप मारता, असे रविवार एकामागून एक येत राहतात. टिळकांनी किती वेळा वैतागून ते ताट बाजूला सारलं असेल ते कुठल्याच पुस्तकात नाही. सारलं नसेलच असं मला तरी वाटत नाही. सुपारीची आवड असलेला, जिभेला चव असलेला माणूस होता तो.

आणि याच पथ्यावर, याच खोलीत गीतारहस्य लिहून झालं. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११, म्हणजे आपल्या एका सेमिस्टरएवढ्या काळात, पेन्सिलीनं. शाई द्यायची परवानगी नव्हती आणि वह्यांची पानं आधी मोजून आकडे घातलेली असत. शिवाय पाली, जर्मन, फ्रेंच यांचा अभ्यास. थंडीचे महिने लिहायला निवडले गेले यात मला तरी तब्येतीचा हिशोब दिसतो. हे माझं अनुमान, चरित्रकारांचं नाही.

पण मधुमेह त्या घरात एकालाच नव्हता. सत्यभामाबाईंनाही होता. त्यांच्याबद्दल लिहिलेलं शोधलं तर फार थोडं सापडतं. माहेर दापोलीजवळ लाडघर, माहेरचं नाव तापी. १८७१ मध्ये लग्न, तेव्हा टिळक पंधरा वर्षांचे आणि त्या त्याहून लहान. नवरा तीनदा तुरुंगात. १९०३ च्या प्लेगात थोरला मुलगा विश्वनाथ गेला. १९०८ नंतर पुण्याच्या गायकवाड वाड्यात मुलांना घेऊन त्या राहिल्या, तोच आजार अंगात घेऊन. मंडालेत निदान डॉक्टर होता, ठरलेलं ताट होतं, स्वयंपाकाला एक माणूस होता. वाड्यात सगळ्यांचं करून मग स्वतःचं बघायचं. ७ जून १९१२ ला त्या गेल्या. टिळकांची शिक्षा संपायला अजून दोन वर्षं होती. बातमी तारेनं मंडालेत पोचली.

गीतारहस्यावर लेख असतात, सत्यभामाबाईंच्या पथ्यावर कोण लिहिणार? माझी आई मला नेहमी सांगते की शुगरचं कुणाला बोलू नकोस, उद्या स्थळं बघायची आहेत. तिचा हेतू वाईट नाही, तिनं आजूबाजूला जे बघितलंय त्यावरून ती बोलते. पण हे पान वाचल्यावर आईच्या त्या वाक्याचा मला पहिल्यांदा खरा राग आला. बाईचा आजार घरातल्या घरात ठेवायचा ही पद्धत फार जुनी दिसते.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळकांना गुपचूप पुण्यात आणून घरी सोडलं. वय अठ्ठावन्नाला आलेलं, घर रिकामं. वह्या सरकारकडे अडकल्या होत्या, त्या नंतर परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये गीतारहस्य छापून आलं. मला वाटलं होतं आता हा माणूस विश्रांती घेईल. छे! १९१६ मध्ये होमरूल लीग, लखनौ करार, गावोगाव सभा, मग शिरोळवरच्या खटल्यासाठी १९१८-१९ मध्ये तेरा महिने इंग्लंड. (शिरोळ म्हणजे व्हॅलेंटाइन चिरोल. मी आधी आपल्या शिरोळ तालुक्यातला खटला समजले होते.) खटला हरले, कर्ज झालं. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसानं इतका प्रवास करणं शहाणपणाचं होतं का? माझ्या डॉक्टरांनी तरी चांगलं झापलं असतं.

कोल्हापूरनं शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. वेदोक्त प्रकरणात टिळक शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. तिथं टिळक चुकले असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तरी ते कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. ताई महाराज दत्तक प्रकरणही इथलंच. मित्राच्या इस्टेटीचे ट्रस्टी झाले आणि १९०१ पासून कोर्टकचेऱ्या सुरू. जुलै १९२० मध्ये त्याच कामासाठी ते मुंबईला सरदारगृहात उतरले. दावा जिंकले आणि हिवतापानं पडले. चौसष्टावा वाढदिवस अंथरुणावर. पुढं न्यूमोनिया झाला. जुना मधुमेह असला की कुठलंही इन्फेक्शन लवकर आटोक्यात येत नाही, हे आम्हाला डॉक्टर दर खेपेला बजावतात. १ ऑगस्ट १९२० ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, सगळं संपलं.

पुढच्याच वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातून तो अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीट लागू पडलं नाही. अर्क आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं, आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. त्याचा मधुमेह माझ्या जातीचा होता, लहानपणी होणारा. टिळकांचा पोक्त वयातला, म्हणून पथ्यावर वर्षं काढता आली. आमच्या जातीत पथ्य कितीही पाळलं तरी इन्शुलिनशिवाय फार तर एक-दोन वर्षं. मला नववीत कळलं. शंभर वर्षं आधी जन्मले असते तर दहावीची परीक्षाही दिली नसती, इंजिनिअरिंगचे बॅकलॉग तर लांबच.

मामांना हा अंक छापून आला की नेऊन द्यायचा आहे. आणि आमच्या मजल्यावरच्या मुलींसाठी एक खुलासा. रेक्टर मॅडमच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला निळ्या झाकणाचा जो डबा दोन वर्षं आहे, आणि ज्यात चॉकलेट असल्याची अफवा आहे, त्यात माझं इन्शुलिन आहे. परवा कुणीतरी तो फ्रीझरमध्ये सरकवला होता. गोठलं की ते वाया जातं. कृपया खालच्या कप्प्यातच राहू द्या.