येल्लाप्रगडा सुब्बाराव : आयुर्वेद महाविद्यालयातून कर्करोगाच्या औषधापर्यंत

नवी दिल्ली : तीव्र रक्तकर्करोगाने ग्रासलेल्या बालकांना औषधाने काही काळ का होईना, उतार पडू शकतो, हे १९४८ मध्ये प्रथमच दिसून आले. त्या औषधामागे एका भारतीय शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. त्यांचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सध्याच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने दगावले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे ब्रिटिश प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदविकेवर समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेत प्रवेश न मिळाल्याने ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आयुर्वेदाला आधुनिक संशोधनाची जोड द्यावी, ही त्यांची तेव्हाची आकांक्षा होती.

१९२२ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली, तसेच पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा शोध लावला. तरीही तेथे कायम प्राध्यापकपद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडची कृत्रिम निर्मिती केली. ज्या विकाराने भाऊ गेले, त्यातील रक्तक्षयावर हेच जीवनसत्त्व उपयुक्त ठरले. मात्र बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्याच वर्गातील संयुगे रक्तकर्करोगाच्या बालरुग्णांना दिली, तेव्हा आजार अधिकच बळावल्याचे दिसले. हे अपयश झाकले गेले नाही. त्यातूनच दिशा मिळाली. पेशींच्या विभाजनाला फॉलिक ॲसिड लागत असेल, तर त्याला अटकाव करणारे द्रव्य हवे, असा विचार पुढे आला. लेडर्लीत तयार झालेले अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ बालकांना दिले. १० बालकांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती आणि औषधाचे दुष्परिणामही गंभीर होते. फार्बर यांनी दोन्ही गोष्टी नोंदवल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. अमिनोप्टेरिनच्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रक्तकर्करोग आणि संधिवातावर वापरले जाते. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

असाध्य आजारात खात्रीशीर बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या उपचारांची ओढ रुग्णांच्या कुटुंबांना आजही वाटते. सुब्बाराव यांनी असे आश्वासन कधी दिले नाही. आयुर्वेदाबद्दल आस्था बाळगणाऱ्या या संशोधकाने औषधाचा उगम कोणता, यापेक्षा ते कसोटीला उतरते का, याला महत्त्व दिले. हाच त्यांचा वारसा होय.