विश्लेषण : ५० हजार डॉलरचे विमान दोनदा नदीत का कोसळले?

लष्कराला हवे आहे, पण जगात अजून कोणी बनवलेलेच नाही, असे यंत्र सरकारी पैशातून घडवायचे असेल तर पैसे आधी द्यायचे की यंत्र चालल्यावर? अमेरिकेच्या युद्ध खात्याने १८९८ मध्ये सॅम्युएल लँग्ली यांना ते आधी दिले. त्याची किंमत लँग्ली यांना आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनाही मोजावी लागली.

लँग्ली कोण होते?

जन्म २२ ऑगस्ट १८३४, बॉस्टनजवळील रॉक्सबरीचा. त्यांनी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी वेधशाळेचे संचालक झाले. वेधशाळेच्या तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा ताऱ्यांच्या वेधांवरून काढलेली अचूक वेळ तारायंत्राने रेल्वे कंपन्यांना विकण्याची शक्कल त्यांनी लढवली आणि त्या उत्पन्नावर सूर्याचा अभ्यास केला. उष्णतेतील अतिसूक्ष्म फरक टिपणारे ‘बोलोमीटर’ हे उपकरण त्यांचेच. १८८७ मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव, म्हणजेच प्रमुख झाले.

लष्कर यात कसे आले?

६ मे १८९६ रोजी लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे, मनुष्यविरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि छायाचित्रही घेतले. एवढ्यावर थांबावे, असे लँग्ली यांच्या मनात होते. पण १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाचे ढग जमले. आकाशातून शत्रूची टेहळणी करता येईल, या आशेने नौदलाचे तत्कालीन सहायक मंत्री थिओडोर रूझवेल्ट यांनी या यंत्राची तपासणी करण्याची शिफारस केली. युद्ध खात्याने माणूस वाहून नेणाऱ्या विमानासाठी ५० हजार डॉलर मंजूर केले. मंजुरी येईपर्यंत लढाई थांबलीही होती!

चुकले कुठे?

आधी इंजिन अडले. न्यूयॉर्कच्या कारागिराला १२ अश्वशक्तीचे इंजिन काही जमेना. लँग्ली यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी ते नव्याने घडवून ५२ अश्वशक्तीपर्यंत नेले. त्या काळात ही थक्क करणारी कामगिरी होती. मात्र त्यात वर्षे गेली, युद्ध खात्याचा निधी संपला आणि स्मिथसोनियनचा पैसा ओतावा लागला.

खरी अडचण सांगाड्यात होती. मोठे विमान म्हणजे छोट्या नमुन्याचीच वाढवलेली आवृत्ती. पण कोणतीही वस्तू सर्व बाजूंनी चौपट केली, तर पंखांचे क्षेत्रफळ १६ पट होते आणि वजन ६४ पट. छोट्या पंखांनी पेललेला ताण मोठे पंख पेलतीलच असे नाही. शिवाय एका बाजूला कललेले विमान सावरण्याची पुरेशी सोय चालकाकडे नव्हती. चाके तर नव्हतीच. तरंगत्या घराच्या छतावरून गलोलीसारखे ते हवेत फेकले जाई.

७ ऑक्टोबर १९०३ रोजी मॅन्ली यांच्यासह ते थेट पाण्यात गेले. ८ डिसेंबरला मागचे पंखच मोडले. गोठवणाऱ्या पाण्यात, अवशेषांखाली अडकलेले मॅन्ली कसेबसे वाचले. लँग्ली यांनी शेवटपर्यंत दोष फेकयंत्रणेला दिला. अनेक अभियंत्यांना ते पटले नाही.

पुढे काय झाले?

वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, संसदेत उधळपट्टीचे आरोप झाले आणि युद्ध खात्याने हात झटकले. दुसऱ्या अपघातानंतर नवव्याच दिवशी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंनी किटी हॉक येथे उड्डाण केले. खर्च १ हजार डॉलरहून कमी, तोही स्वतःच्या खिशातून. लँग्ली यांचे २७ फेब्रुवारी १९०६ रोजी निधन झाले.

ताक फुंकून पिणाऱ्या लष्करी मंडळाने १९०५ मध्ये राइट बंधूंनाही दाद दिली नाही, आणि प्रत्यक्ष उडणारे विमान हाती येण्यास आणखी काही वर्षे लागली. अखेर डिसेंबर १९०७ मध्ये निविदा निघाली, ती वेगळ्याच अटींवर. दोन माणसांना घेऊन ताशी ४० मैल वेगाने उडून दाखवा, मगच पैसे. राइट बंधूंनी २५ हजार डॉलरची बोली लावली. १९०९ मध्ये चाचणीत वेग अपेक्षेपेक्षा जास्त भरला, तेव्हा सरकारने त्यांना वर ५ हजार डॉलर दिले.