तराजूत न येणारा खर्च

मैंदर्गीच्या कोरडवाहू शिवारातील ज्वारी आडतीवर तोलली जाते, तेव्हा पावसाने वाहून गेलेली माती आणि शाळा सुटलेली मुलगी तराजूत येत नाहीत. हा अलिखित खर्च महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी एकोणिसाव्या शतकातच हेरला होता.

१८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळलेली रयत त्यांनी पाहिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दाखवून दिले की, रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. पुढील वर्षी पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जमिनीचा हिशेब मांडला. डोंगरावरील पालापाचोळा पावसाबरोबर शेतात उतरून कस राखतो. जंगलखात्याने गायराने ताब्यात घेताच गुरे खंगली, खत आटले. ताली-बंधारे घालून पाणी मुरवावे, हा त्यांचा उपाय होता. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषातच गेले.

समाजावर पडणाऱ्या अशा खर्चाची शास्त्रीय मीमांसा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० मध्ये केली. हमीभाव ठरविताना आजही बियाणे, खते, मजुरी धरली जाते. झिजलेली जमीन नव्हे. ती तूट शेतकरीच मुकाट्याने भरतो. जोतीरावांचे स्मरण करावयाचे, तर प्रथम ती खतावणीत लिहिली पाहिजे.