इंजिनाच्या श्वासाला लय देणारे विल्हेल्म मायबाख

मोटारगाडीच्या जन्मकथेत कार्ल बेन्झ आणि गॉटलीब डाइमलर ही नावे अग्रक्रमाने घेतली जातात. मात्र डाइमलर यांच्या कल्पनांना कागदावर आणि लोखंडात आकार देणारे विल्हेल्म मायबाख बराच काळ त्यांच्या सावलीत राहिले. जुन्या मोटारी आजही जतन करणाऱ्यांचा त्यांच्या कामाशी रोजचा संबंध येतो; कारण कार्बोरेटरची मूळ रचना रूढ करणाऱ्यांत मायबाख यांचे स्थान वरचे आहे.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आईवडिलांचे छत्र हरपले आणि पाच भावंडांतील हा मुलगा रॉयटलिंगेन येथील धर्मादाय संस्थेत दाखल झाला. संस्थेचे प्रमुख गुस्ताव वेर्नर यांनी त्याचा तांत्रिक कल ओळखला व त्याला यंत्रशाळेत आरेखनाचे शिक्षण दिले. तेथेच १८६५ च्या सुमारास डाइमलर यांची भेट झाली. ही मैत्री पस्तीस वर्षे, डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

कोलोनजवळील डॉइट्झ येथील कारखान्यात दोघांनी निकोलाउस ऑटो यांच्या चार आघाती इंजिनावर काम केले. पुढे मतभेद झाल्याने डाइमलर १८८२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडले आणि मायबाख यांनीही त्यांची वाट धरली. कानस्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतील काचघरात दोघांनी कार्यशाळा थाटली. तेथून रात्री-अपरात्री येणाऱ्या ठोकाठोकीमुळे बनावट नाणी पाडली जात असल्याचा संशय माळ्याला आला. पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा त्यांना केवळ इंजिने सापडली.

त्या काळची स्थिर इंजिने मिनिटाला दोनशेपेक्षा कमी फेरे घेत. या दोघांचे छोटे इंजिन सहाशेच्या घरात पोहोचले. पण वेग वाढला तशी इंधनाची अडचण उभी राहिली. आरंभीच्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा पेट्रोलमधून खेळवून तिच्यात बाष्प मिसळले जाई. पेट्रोलचा हलका अंश आधी उडून जाई व जड अंश मागे उरे. रस्त्यातील धक्क्यांनी पेट्रोल हिंदकळे. त्यामुळे मिश्रण कधी पातळ, तर कधी घट्ट होऊन इंजिन अडखळे.

१८९० मध्ये डाइमलर कंपनी स्थापन झाली, परंतु भांडवलदारांनी देऊ केलेल्या अटी मान्य नसल्याने मायबाख लवकरच दूर झाले. डाइमलर यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी कानस्टाटमधील हॉटेल हेर्मानच्या जागेत मोजक्या कामगारांसह स्वतंत्रपणे काम सुरू केले. याच अनिश्चित काळात, १८९३ मध्ये, त्यांचा फवारा पद्धतीचा कार्बोरेटर आकाराला आला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही अशीच रचना केली होती, याची नोंद घ्यायला हवी.

मायबाख यांच्या रचनेचे तत्त्व साधे होते. फ्लोटमुळे छोट्या कक्षातील पेट्रोलची पातळी स्थिर राहते. इंजिन हवा ओढते, तेव्हा त्या ओढीने बारीक तोंडाच्या जेटमधून पेट्रोल फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. मात्र गाडी उभी असताना इंजिन मंद चालते व जेटपाशी हवेची ओढ क्षीण होते. म्हणून पुढील काळातील कार्बोरेटरांत मंद गतीसाठी पेट्रोलचा वेगळा मार्ग आणि मिश्रणाचा स्क्रू आला. व्हिंटेज गाडीचे इंजिन उभ्या जागी थरथरू लागले, तर जाणकार मेकॅनिक थेट स्क्रूला हात घालत नाही. आधी प्लग व पॉइंट, मग गॅस्केटमधून शिरणारी फाजील हवा, नंतर फ्लोटची पातळी आणि कचऱ्याने तुंबलेले जेट, असा क्रम तो पाळतो. हे सारे ठीक असेल तरच स्क्रू फिरवून मिश्रण जुळवण्याला अर्थ उरतो.

१८९५ मध्ये मायबाख तांत्रिक प्रमुख म्हणून कंपनीत परतले. मार्च १९०० मध्ये डाइमलर यांचे निधन झाले. व्यापारी एमिल येलिनेक यांच्या आग्रहावरून मायबाख यांनी घडवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला येलिनेक यांच्या कन्येचे ‘मर्सिडीज’ हे नाव मिळाले. तिच्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक नळ्या होत्या. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत या गाडीने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले.

यश मिळूनही कंपनीतील त्यांचे महत्त्व घटत गेले आणि १९०७ मध्ये त्यांनी ती कायमची सोडली. त्यानंतर काउंट झेपेलिन यांच्या हवाई जहाजांसाठी इंजिने बनवणारा कारखाना १९०९ मध्ये उभा राहिला. त्याची धुरा पुत्र कार्ल यांनी वाहिली. याच कारखान्यातून पुढे मायबाख नावाच्या आलिशान मोटारी बाहेर पडल्या. औपचारिक उच्च शिक्षण न घेतलेल्या या अभियंत्याला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

२९ डिसेंबर १९२९ रोजी मायबाख यांचे निधन झाले. कानस्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर यांनी चिरविश्रांती घेतली, तेथेच मायबाख यांचीही समाधी आहे.