कपाळावरची खूण

सिकलसेलचा वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. हा फरक थेट रक्तातल्या रेणूत दाखवून दिला तो लायनस पॉलिंग यांनी. आणि त्याच वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी, असे पुढे सुचवले तेही त्यांनीच.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाला. वडील औषधविक्रेते. लायनस नऊ वर्षांचे असताना ते वारले. मिळेल ते काम करत लायनस शिकले आणि रसायनशास्त्रज्ञ झाले. रासायनिक बंधांवरील संशोधनासाठी त्यांना १९५४ चे नोबेल मिळाले.

सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, हे १९४५ मध्ये त्यांच्या कानावर आले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार, असा तर्क त्यांनी केला. १९४९ मध्ये हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी तो सिद्ध केला. रुग्णाचे हिमोग्लोबिन निराळे होते. वाहकाच्या रक्तात मात्र नेहमीचे आणि निराळे, असे दोन्ही प्रकार सापडले. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने पुढच्या पिढ्यांची जनुके बिघडतील, या काळजीने पॉलिंग रस्त्यावर उतरले. त्यांनी हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या. सरकारने काही काळ त्यांचा पासपोर्टही अडवला. अखेर १९६२ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले.

जन्माला येणाऱ्या मुलांच्या याच कळकळीतून त्यांनी १९६८ मध्ये तो प्रस्ताव मांडला. लग्नाआधी तपासणी सक्तीची करावी आणि वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायचे टळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

हेतू चांगला होता, पण कपाळावरची खूण फक्त जोडीदारालाच दिसत नाही. ती मालकाला दिसते, विमा कंपनीला दिसते, शेजाऱ्यालाही दिसते. गोंदण्याचा कायदा कधी झाला नाही. मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर रोख ठेवून सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरकच पुसला गेला. धडधाकट माणसांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी मदतीच्या कार्यक्रमांत तपासणी ऐच्छिक ठेवण्याची अट घातली.

पॉलिंग १९ ऑगस्ट १९९४ रोजी वारले. त्यांनी दिलेले ज्ञान आज विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत रोज उपयोगी पडते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत तपासणी होते आणि हाती कार्डही मिळते. मूल होण्याआधी जोडप्याला धोका कळणे आणि काय करायचे हे त्यांनी समजून-उमजून ठरवणे, हा या तपासणीचा खरा फायदा. त्यासाठी समुपदेशन हवे. आणि कार्ड ज्याचे आहे त्याच्याच हाती राहायला हवे. ते गावभर फिरले, एखाद्या मुलीचे लग्न त्यावरून मोडले, तर ती कपाळावरची खूणच ठरेल.