सॅम कुक : आपल्याच नांवानें गाइलेलें गीत

यशस्वी मनुष्याचें चरित्र सांगतांना लोक बहुधा त्याच्या यशाच्या दिवसाचें वर्णन करितात. त्याच्या आदल्या वर्षीं तो कोणास भीत होता व कोणती काळजी त्याला मागें ओढीत होती, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक सॅम कुक याची हकीकत मात्र त्या आदल्या वर्षावांचून समजतच नाहीं. ज्या गीतानें १९५७ सालीं त्याचें नांव देशभर झालें, त्याच्या आधीं थोडेच महिने त्यानें आपलें नांव लपवून दुसरें एक गीत गाइलें होतें, आणि तें फसलें होतें. लपविलेल्या नांवापासून उघड नांवापर्यंतची ही वाटचाल आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सॅमचा जन्म ता. २२ जानेवारी १९३१ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील क्लार्क्सडेल गांवीं झाला. हा कापसाचा मुलूख. गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन पासष्ट वर्षें लोटलीं होतीं. तथापि कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, बसण्याच्या जागा निराळ्या आणि मजुरी मात्र सर्वांत हलकी, अशी तेथील स्थिति होती. सॅमचे वडील चार्ल्स कुक हे धर्मोपदेशक होते. काम आणि माणुसकीची वागणूक यांच्या शोधार्थ त्या काळीं दक्षिणेंतील असंख्य कुटुंबें उत्तरेकडे जात. त्यांतच हें कुटुंबहि १९३३ मध्यें शिकागो शहरीं येऊन राहिलें. वडिलांनीं आपल्या मुलांचा एक लहानसा मेळा केला होता. ते उपदेश करीत व मुलें गात. सॅमची गाण्याची पहिली शाळा म्हणजे हें उपासनामंदिरच होय.

शाळकरी वयांत तो 'हायवे क्यू. सी.ज' नांवाच्या तरुण गायकांच्या मंडळींत गाऊं लागला. त्या वेळीं 'सोल स्टिरर्स' ही सुवार्ता-गीतें गाणारी मंडळी कृष्णवर्णीय समाजांत अत्यंत नामांकित होती. तिचा मुख्य गायक आर. एच. हॅरिस १९५० मध्यें मंडळी सोडून गेला आणि त्याच्या जागीं एकोणीस वर्षांच्या सॅमची निवड झाली. ही जागा मोठ्या जबाबदारीची होती. प्रतिस्पर्धी मंडळ्यांतील गायक गर्जना करून सभागृह हालवून सोडीत. सॅमचा आवाज पडला कोमल. गर्जनेशीं गर्जनेनें झुंजण्याचा नाद सोडून त्यानें आपल्या आवाजास साजेल अशी एक मुरकी हळूहळू घडविली. स्वर मध्येंच उचलून तो त्याला तीनचार हेलकावे देई आणि पुन्हां अलगद जागेवर आणून ठेवी. हीच मुरकी पुढें त्याची ओळख झाली. मार्च १९५१ मध्यें या मंडळीबरोबर त्याच्या पहिल्या तबकड्या लॉस अँजेलिस येथील 'स्पेशॅल्टी' कंपनीनें घेतल्या. त्यांतील एक गीत येशू व विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांच्या कथेवर होतें. पुढें १९५६ मध्यें त्यानें येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवणाऱ्या आजारी स्त्रीची कथा गाइली. या गीतांनीं तो धार्मिक संगीताच्या जगांत अग्रभागीं आला.

मग त्यानें तें जग कां सोडावें? याचें एक कारण उघड आहे. सुवार्ता-गीतें गाणाऱ्यांची मिळकत बेताची असे. मोटारींतून शेंकडों मैल जावें, दक्षिणेंतील रस्त्यांवर कृष्णवर्णीयांस उपाहारगृहांत जागा मिळत नसल्यामुळें उपाशी राहावें, आणि गांवोगांव गाऊन जें मिळेल तें सर्वांनीं वांटून घ्यावें, असा तो व्यवसाय होता. दुसरें कारण महत्त्वाकांक्षेचें. आपला आवाज सर्वांनीं, गोऱ्यांनींहि, ऐकावा असें त्याला वाटे. परंतु ज्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें होतें ते श्रोते या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीनें पाहात. देवासाठीं गाणाऱ्या गळ्यानें प्रेमगीतें गाणें म्हणजे त्यांस धर्मत्यागच वाटे. आपल्याकडील एखादा नामवंत कीर्तनकार उद्यां तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला तर जी खळबळ उडेल, तीच येथें उडणार होती. शिवाय नवीन मार्गांत यश न आल्यास जुनें दार पुन्हां उघडेल, याची खात्री नव्हती.

तेव्हां त्यानें मधला मार्ग काढला. डिसेंबर १९५६ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें त्यानें एक प्रेमगीत गाइलें. तेंहि आपल्याच एका धार्मिक गीताचे शब्द बदलून केलेलें होतें. ती तबकडी पुढील वर्षाच्या आरंभीं 'डेल कुक' या नांवानें निघाली. पण नांव बदलतां आलें तरी मुरकी कशी बदलणार? ऐकणाऱ्यांनीं आवाज तत्काळ ओळखला. भक्त श्रोते नाराज झाले आणि नवीन श्रोते फारसे मिळाले नाहींत. दोन नावांवर पाय ठेवणाऱ्याची जी गत होते तीच त्याची झाली. त्याच्या भावानें पुढें सांगितल्याप्रमाणें या सुमारास वडिलांनीं त्याला धीर दिला. तूं काय गातोस यापेक्षां देवानें दिलेल्या आवाजानें लोकांना आनंद देतोस कीं नाहीं हें महत्त्वाचें, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. स्वतः धर्मोपदेशक असलेल्या पित्याकडून हें ऐकल्यावर मुलास केवढें बळ आलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ता. १ जून १९५७ रोजीं लॉस अँजेलिस येथें सॅम पुन्हां ध्वनिलेखनास उभा राहिला. या वेळीं नांव लपविण्याचा विचार नव्हता. 'स्पेशॅल्टी'चा निर्माता रॉबर्ट 'बम्प्स' ब्लॅकवेल यानें सर्व योजना आंखली होती व वाद्यमेळाची रचना रेने हॉल यानें केली होती. साथीस गोऱ्या गायक-गायिकांचा कोरस आणला होता. काम चालू असतांनाच कंपनीचे मालक आर्ट रूप तेथें आले. त्यांच्या कंपनीची भरभराट झाली होती ती जोरकस, खडबडीत संगीतावर. हा मऊ, सभ्य थाट पाहून ते संतापले. ब्लॅकवेल व मालक यांच्यांत कडाक्याचें भांडण झालें. अखेर ब्लॅकवेलनें कंपनीकडून पुढें मिळावयाच्या आपल्या हक्काच्या रकमेवर पाणी सोडलें आणि तिच्या बदल्यांत दोन गोष्टी मागून घेतल्या : सॅमची करारांतून मुक्तता आणि त्या दिवशीं ध्वनिमुद्रित झालेलीं गीतें. मालकांना हा सौदा फायद्याचा वाटला. व्यापारी मनुष्याची नजरहि कधीं कधीं कशी चुकते, याचें हें ठळक उदाहरण होय.

हीं गीतें घेऊन दोघे 'कीन' नांवाच्या अगदीं नव्या कंपनीकडे गेले. विमानांचे सुटे भाग तयार करणाऱ्या जॉन सायमस या गृहस्थाचें भांडवल तिच्या मागें होतें. सप्टेंबर १९५७ मध्यें तबकडी निघाली. तिच्यावर सॅमनें आपलें खरें नांव घातलें. मात्र आडनांवाच्या शेवटीं इंग्रजी लिपींतील एक मुका 'ई' जोडला, जणूं काय नवीन आयुष्याची खूण म्हणून. तबकडीच्या मुख्य बाजूस गर्श्विन यांच्या संगीतिकेंतील 'समरटाइम' हें आधींच लोकप्रिय असलेलें गीत होतें आणि सॅमनें स्वतः रचलेलें 'यू सेंड मी' हें मागल्या बाजूस टाकिलें होतें. परंतु नभोवाणीवर तबकड्या वाजविणाऱ्यांनीं तबकडी उलटी केली, आणि उलट्या बाजूनेंच देश जिंकला.

हें गीत ऐकतांना प्रथम कोणासहि त्यांत कांहीं विशेष आहे असें वाटणार नाहीं. शब्द थोडे, तेहि पुन्हां पुन्हां येणारे. अर्थ एवढाच, कीं तुझ्यामुळें माझें मन हरपून जातें. पण शब्द थोडे असल्यामुळेंच गळ्याला जागा मिळाली. धार्मिक गीतांत घडविलेली ती मुरकी येथें प्रत्येक रिकाम्या जागेंत येते आणि साध्या ओळीला भक्तीची आर्तता चढविते. पुढें ज्या संगीतास 'सोल' म्हणजे आत्म्याचें संगीत असें नांव पडलें, त्याचें बीज या संयोगांत होतें. म्हणून त्या परंपरेच्या आद्य पुरुषांत सॅमची गणना होते. म्हणजे जें मागें टाकून आलों असें लोकांनीं म्हटलें, तेंच तो बरोबर घेऊन आला होता.

गीताच्या लक्षावधि प्रती खपल्या. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादींत तें सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें आणि वर्ष संपण्यापूर्वीं सर्व अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींतहि पहिलें आलें. त्या काळीं कृष्णवर्णीय गायकाचें गीत गाजूं लागलें कीं तेंच एखाद्या गोऱ्या गायकाकडून गाववून बाजारांत आणीत, आणि पुष्कळदां मूळ गायक मागें पडे. येथेंहि टेरेसा ब्रूअर या गायिकेनें तें गाइलें व तिचीहि तबकडी चांगली खपली. पण मूळ गीताच्या पुढें ती जाऊं शकली नाहीं. ता. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत सॅम गाऊं लागला न लागला तोंच वेळ संपली व प्रक्षेपण मध्येंच तुटलें. प्रेक्षकांच्या तक्रारी इतक्या आल्या, कीं ता. १ डिसेंबरला त्याला पुन्हां बोलवावें लागलें. अपमानाचें रूपांतर सन्मानांत झालें.

तरी एक उणीव राहिली होती. तबकडीवर गायकाचें नांव सॅमचें असलें, तरी कवि म्हणून नांव त्याचा भाऊ एल. सी. याचें होतें. जुन्या कंपनीशीं झालेल्या करारामुळें रचनेचे हक्क तिच्याकडे जाण्याची भीति होती, म्हणून ही युक्ति योजिली होती. आवाज आपला झाला, पण शब्द आपले म्हणतां येत नाहींत, हा धडा सॅम विसरला नाहीं. पुढें जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या मित्राच्या भागीदारींत त्यानें स्वतःच्या गीतांचे हक्क सांभाळणारी संस्था व 'सार' नांवाची तबकड्यांची कंपनी काढली. त्या काळच्या कृष्णवर्णीय गायकांत हें धाडस विरळाच होतें. आणि या नव्या कंपनीनें आरंभीं कोणाच्या तबकड्या काढाव्या? ज्यांना तो सोडून आला असें म्हटलें जाई, त्याच सोल स्टिरर्स मंडळीच्या!

कीर्ति मिळाली तरी रंगाचा कलंक लावणारे लोक बदलले नव्हते. ऑक्टोबर १९६३ मध्यें लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट येथें आधीं जागा राखून ठेवली असतांहि एका निवासगृहानें त्याला व त्याच्या मंडळींना उतरूं दिलें नाहीं. त्यानें निषेध केला म्हणून पोलिसांनीं त्यालाच पकडलें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यानें 'अ चेंज इज गॉना कम' हें गीत गाइलें. समतेच्या चळवळीनें तें आपलें मानिलें, आणि २००७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्यायोग्य ध्वनिलेखनांत त्याचा समावेश केला. त्याची स्वतंत्र तबकडी निघाली तेव्हां गायक हयात नव्हता. ता. ११ डिसेंबर १९६४ रोजीं लॉस अँजेलिसमधील एका निवासगृहांत तेथील व्यवस्थापिकेच्या गोळीनें त्याचा अंत झाला. तिनें स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असा चौकशीचा निर्णय झाला. त्याच्या कुटुंबीयांस तो पटला नाहीं. त्या वेळीं सॅमचें वय अवघें तेहतीस वर्षांचें होतें.

अशा मनुष्यास आम्ही निर्दोष म्हणून पूजावें असें सांगत नाहीं. त्याच्या भक्त श्रोत्यांचें दुःखहि खोटें नव्हतें. ज्या गळ्यानें त्यांच्या प्रार्थनेस वाचा दिली तो गळा त्यांस परका झाला होता. पण त्याच्या चरित्रांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दोन्हीं बाजू राखण्यासाठीं जेव्हां त्यानें नांव लपविलें, तेव्हां दोन्हीं बाजूंनीं त्याला नाकारलें. जेव्हां परिणामांची जबाबदारी पत्करून तो आपल्या नांवानें उभा राहिला, तेव्हां कांहीं लोक दुरावले खरे, परंतु त्याचा आवाज त्याला गवसला. ज्या कामाखालीं आपण आपली सही करूं शकत नाहीं, तें काम हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येकानें दोनदां विचार करावा. आणि हातीं घेतलेंच, तर त्याखालीं आपलेंच नांव स्पष्ट अक्षरांत लिहावें.